सात नंबर कुणाचा? वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी जर्सीच्या नंबरावरून माझी टीम दिली होती. ज्यांच्या हातात तो अंक नाही त्यांच्यासाठी परत लिहितो: १ याशिन, २ काफू, ३ मालदिनी, ४ रामोस, ५ बेकेनबाउर, ६ बारेसी, ७ गारिंचा, ८ इनिएस्ता, ९ ब्राझीलचा रोनाल्डो, १० पेले, ११ खेंतो. खाली एक ओळ होती, पटत नसेल तर लिहा. लिहिलंत की, आणि काय लिहिलंत, क्रिकेटवर सुद्धा एवढी पत्रं येत नाहीत आपल्याकडं. सगळी छापायची तर अख्खा अंक लागेल, म्हणून निवडून घेतली आहेत, बाकीच्यांनी राग मानू नका.

काका, सात नंबरला गारिंचा कसा काय? ख्रिस्तियानो रोनाल्डोचा ब्रँडच सीआर सेव्हन आहे, पाच बॅलन डी'ओर म्हणजे वर्षातल्या बेस्ट प्लेअरची बक्षिसं, रिअल माद्रिदसाठी ४५० गोल. तुम्ही त्याचे मॅच बघितलेत का नाही?
— बारावीतला विद्यार्थी, होटगी रोड

बघितलेत रे बाबा, रात्री पावणेएक-पावणेएकला उठून बघितलेत. सगळ्यात जास्त पत्रं ह्याच एका नावावर आली आहेत त्यामुळं आधी माझा नियम काय होता तो नीट सांगतो, म्हणजे पुढचं भांडण सोपं जाईल. सगळ्यात भारी प्लेअर कोण हा एक प्रश्न आणि एखाद्या नंबरचा सगळ्यात भारी प्लेअर कोण हा वेगळा प्रश्न. नंबर म्हणजे आधी मैदानातली जागा होती. जुन्या पद्धतीत मागं बचावाला दोन बॅक, मधे तीन हाफ आणि पुढं पाच फॉरवर्ड असायचे, आणि नंबर उजवीकडून डावीकडं मोजत जायचे, गोलकीपर १, बॅक २ आणि ३, हाफ ४, ५, ६, मग फॉरवर्ड ७ ते ११. म्हणजे ७ हा उजव्या कडेचा विंगर. लाइनीला चिकटून उभा राहणार, समोरच्या बॅकला एकट्यानं फोडणार आणि आत बॉल टाकणार.

आता बघ, रोनाल्डो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधे २८ घालायचा, २००३ ला मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हासुद्धा त्यानं २८ च मागितला होता, ७ त्याला मॅनेजर फर्ग्युसननी दिला. माद्रिदच्या पहिल्या सीझनला तो ९ नंबर घालून खेळला कारण ७ राऊलकडं होता. आणि त्याचे जे ४५० गोल तू सांगतोस त्यातले बहुतेक डावीकडून आत येऊन नाहीतर सरळ पेनल्टी बॉक्समधे मारलेले आहेत. म्हणजे काम त्यानं ११ चं आणि ९ चं केलं, आणि जगात त्याच्याइतकं भारी फार कमी लोकांनी केलं, हे मी मनापासून म्हणतो. पण गारिंचा बघ. पाय जन्मापासून वाकडे, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, सगळ्या जगाला माहीत होतं की हा उजवीकडूनच जाणार, तरी कुणाला अडवता आलं नाही. १९६२ च्या वर्ल्डकपमधे पेले दुसऱ्याच मॅचला जखमी झाला आणि पुढची सगळी स्पर्धा ह्या माणसानं ७ नंबर पाठीवर घेऊन ओढली, क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध दोन गोल, सेमीफायनलला यजमान चिलीविरुद्ध दोन. पेले आणि गारिंचा दोघं मैदानात एकत्र असताना ब्राझील एकसुद्धा मॅच हरलं नाही. तू म्हणशील की १९५८ ला तर त्यानं ११ घातला होता, बरोबर, घातला होता, त्याचं कारण खाली दहा नंबरच्या पत्रात येतंय. पण उजव्या कडेचा विंगर म्हणून माझा ७ गारिंचाच. तू रोनाल्डोला सगळ्यात भारी म्हण, त्यावर मी भांडणार नाही.

सर, माझं सात रस्त्याजवळ जर्सी प्रिंटिंगचं काम आहे. तुमचा लेख वाचला पण खरं सांगू का, २, ३, ४ नंबर आमच्याकडं कुणी मागतच नाही. असं का होत असेल? आणि हे नंबर पहिल्यांदा आले कधी?
— एक वाचक, सात रस्ता

तुमचं पत्र वाचून मी मुद्दाम दुकानावर येऊन बसलो होतो ते तुम्हाला आठवत असेलच, इथं बाकीच्यांसाठी लिहितो. संध्याकाळी एका अकॅडमीच्या अठरा जर्सी लागल्या होत्या. मशीन गरम झालं की पाठीवर आकडा ठेवायचा, वरून बटर पेपर, झाकण दाबायचं, सेकंद मोजायचे, उचलायचं आणि कडेनं नखानं हळूच प्लास्टिक सोलायचं. खोक्यात कापून ठेवलेल्या आकड्यांमधे ७, १ आणि ० चे कप्पे रिकामे झालेले आणि ३ चा, ४ चा कप्पा भरलेला तसाच. अठरा पोरांत पाच जणांना १० हवा होता आणि चार जणांना ७, शेवटी कोच आले आणि चिठ्ठ्या टाकल्या. ज्या पोराला ३ आला त्याचं तोंड एवढंसं झालं.

कारण सांगायचं तर त्यात अर्धा भाग क्रिकेटचा आहे. आपल्याकडं १० म्हणजे आधी सचिन, मग मेस्सी. ७ म्हणजे धोनी, मग रोनाल्डो. २०१७ ला आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरनं १० नंबर घालून वनडे खेळला तर लोकांनी केवढा गदारोळ केला होता आठवतंय ना, त्यानंतर तो नंबर कुणी घातलाच नाही. पण क्रिकेटमधे नंबराचा आणि जागेचा काही संबंध नाही, स्लिपमधे उभा राहणारा कुठलाही नंबर घालतो. फुटबॉलमधे तो संबंध होता म्हणून तर हे भांडण.

आणि सुरुवात विचारलीत तर इंग्लंडमधे तरी २५ ऑगस्ट १९२८. त्याच दिवशी आर्सेनल आणि चेल्सी ह्या दोन टीम नंबर लावून उतरल्या. १९३३ च्या एफए कप फायनलला तर गंमत अशी होती की एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ दिले होते, सिटीचा गोलकीपर २२ नंबरचा. इंग्लिश लीगनं १९३९ ला नंबर सक्तीचे केले आणि वर्ल्डकपमधे ते १९५० ला आले.

राहिला ३ नंबर. त्यावर मला थोडं जास्त लिहू द्या. मी पार्क मैदानावर पंधरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो आहे. आमच्या घरी माग होता, तेव्हा प्रिंटिंग वगैरे काही नव्हतं, आईनं चादरीच्या उरलेल्या कापडातून ३ कापून बनियनवर टाचून दिला होता, लाल कापड, कडा दुमडून दुहेरी टाका. चादरीचं कापड जाड, पावसात भिजलं की पाठीवर वीट बांधल्यासारखं वाटायचं, मॅच संपेपर्यंत बनियन मागून खाली ओढलं जायचं. पण तो नंबर कधी उसवला नाही. म्हणून मालदिनीबद्दल मी हळवा आहे. मिलानसाठी ९०२ मॅच, पाच युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग), सगळं एकाच क्लबकडून. त्याचे वडील चेझारे मिलानचे कॅप्टन होते आणि त्यांनीही १९६३ ला तोच कप उचलला होता. क्लबनं ३ नंबर काढून ठेवला आहे, फक्त त्याच्या मुलांपैकी कुणी खेळला तर त्याला मिळेल. मुलगा डॅनियल खेळलासुद्धा मिलानकडून, पण त्यानं २७ घातला. तुमच्या दुकानातल्या त्या पोराला हे सांगा, प्लीज.

नमस्कार. आपला ४ नंबर मला मान्य नाही. रामोस मोठा खेळाडू आहे, २०१४ च्या लिस्बनमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलचा त्र्याण्णवाव्या मिनिटाचा हेडर कोण विसरेल. पण तो स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. तुमचाच नियम लावला तर ४ स्टॉपरचा नाहीच. झानेट्टी का नाही?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

सर, तुमच्या पत्रावर मी दोन दिवस विचार केला आणि तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. ४ नंबरला आता हाविएर झानेट्टी.

का ते सांगतो कारण ह्यात एक मस्त गोष्ट लपली आहे जी बऱ्याच जणांच्या पत्रात प्रश्न म्हणून आली आहे. मागं दोन बॅकचे पुढं तीन आणि मग चार बॅक झाले तेव्हा हाफमधले खेळाडू मागं ओढले गेले, पण प्रत्येक देशानं वेगळा माणूस ओढला. इंग्लंडमधे ५ आणि ६ मागं गेले, म्हणून तिथं ५ म्हणजे स्टॉपर आणि ४ मिडफिल्डमधे राहिला. अर्जेंटिनात ४ उजवीकडचा बॅक झाला, २ आणि ६ मधले स्टॉपर, आणि ५ मिडफिल्डमधेच थांबला, तिथं आजही नुसतं 'पाच' म्हणलं की बचाव करणारा मिडफिल्डर. ब्राझीलमधे उजवीकडं २ आणि डावीकडं ६. म्हणून रॉबर्टो कार्लोस ब्राझीलसाठी ६ घालायचा आणि माद्रिदला गेला की ३, माणूस तोच, जागा तीच, फक्त देशाची मोजणी वेगळी. अक्कलकोट रोडवरून एकांनी विचारलं होतं की मालदिनीऐवजी रॉबर्टो कार्लोस का नाही, त्यांना हेच उत्तर, तो अर्धा ३ चा आणि अर्धा ६ चा.

तर झानेट्टी अर्जेंटिनाचा, राइट बॅक, म्हणजे त्याच्या देशाच्या भाषेत अस्सल 'चार'. इंटर मिलानसाठी ८५८ मॅच, २०१० ला एका सीझनमधे लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकणाऱ्या टीमचा कॅप्टन, आणि गरज पडली की मिडफिल्डमधे, म्हणजे जुन्या उजव्या हाफच्या जागीसुद्धा खेळायचा. दोन्ही मोजण्यांत बसतो. क्लबनं त्याचा ४ कायमचा काढून ठेवला. आभारी आहे सर.

८ नंबर इनिएस्ता? वर्ल्डकप फायनलचा गोल त्यानं ६ नंबर घालून मारलाय. चेक करा.
— बी.कॉम. दुसरं वर्ष, विजापूर रोड

चेक करायची गरज नाही, तू बरोबरच आहेस. बार्सिलोनात झावी ६ आणि इनिएस्ता ८, स्पेनकडून खेळताना उलट, झावी ८ आणि इनिएस्ता ६. ११ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमधे ११६ व्या मिनिटाला नेदरलँड्सविरुद्ध जो गोल झाला तो ६ नंबरनं मारला. तरी मी त्याला ८ वरच ठेवतोय कारण रोजचं काम त्यानं ८ म्हणून केलं, आणि ६ ला माझ्याकडं बारेसी आहे, त्याला हलवायचं धाडस माझ्यात नाही.

पण तू तो गोल काढलास म्हणून एक आठवण देतो. गोल मारल्यावर इनिएस्तानं जर्सी काढली, आत बनियनवर हातानं लिहिलं होतं की दानी हार्के कायम आमच्यासोबत. हार्के एस्पान्योलचा कॅप्टन, ऑगस्ट २००९ ला सव्वीसाव्या वर्षी हार्टनं गेला. एस्पान्योल म्हणजे बार्सिलोनाचे गावातलेच वैरी. इनिएस्तानं त्यासाठी यलो कार्ड घेतलं. हार्केचा नंबर २१ होता, आणि एस्पान्योलच्या मॅचला २१ व्या मिनिटाला लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. मी हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतोय.

दहा नंबर मेस्सीचा. विषय संपला. २०२२ बघितलं नाही का?
— अशोक चौक, पाच मित्र मिळून

पाच जणांनी मिळून एक पोस्टकार्ड लिहिलं त्याबद्दल आधी कौतुक. विषय मात्र संपत नाही. मला कुणी विचारलं की तू तुझ्या डोळ्यानं बघितलेला सगळ्यात भारी प्लेअर कोण तर मी मेस्सीच म्हणणार, कतारच्या वर्ल्डकपमधे सात गोल, पस्तीसाव्या वर्षी, फायनलला दोन, मी त्या रात्री रडलोय. पण १० ह्या आकड्याला अर्थ कुणी दिला? पेलेच्या आधी १० म्हणजे फक्त डाव्या बाजूचा आतला फॉरवर्ड, म्हणजे हंगेरीचा पुस्कास १० घालायचाच की, पण कुठल्या पोरानं 'मला दहा पाहिजे' म्हणून हट्ट केला नव्हता. १९५८ ला ब्राझीलनं स्पर्धेला यादी पाठवताना नंबरच कळवले नव्हते आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वाटून टाकले असं सांगतात, म्हणून गोलकीपर जिल्मारच्या पाठीवर ३ आला, उजवीकडचा गारिंचा ११ आणि डावीकडचा झागालो ७, सगळं उलटंपालटं. आणि त्या वाटपात १० आला सतरा वर्षांच्या पोराकडं. त्यानं सहा गोल मारले, फायनलला स्वीडनविरुद्ध दोन, आणि तिथून १० हा आकडा राहिलाच नाही, पदवी झाली. मॅराडोनाला १० का हवा होता, मेस्सीला २००८ ला रोनाल्डिन्यो गेल्यावर १० मिळाला तर बातमी का झाली, त्याच्या मुळाशी तो पोरगा आहे.

मॅराडोनाचं नाव घेतलंय तर हे पण सांगतो. १९८२ ला अर्जेंटिनानं नंबर आडनावाच्या अक्षरानुसार दिले होते, त्यामुळं मिडफिल्डर आर्दिलेस १ नंबर आणि गोलकीपर फियोल ७, पण मॅराडोनासाठी तो नियम मोडला आणि १० त्यालाच. नापोलीनं त्याचा १० काढून ठेवला. अर्जेंटिनानं २००२ च्या वर्ल्डकपला १० शिवायची यादी पाठवली तर फिफानं परत पाठवली, म्हणे १ ते २३ सलग पाहिजेत, मग १० ओर्तेगाला दिला. मला वाटतं फिफाचं बरोबर होतं. नंबर कपाटात ठेवला तर पुढच्या पोरानं कुणासारखं व्हायचं? मेस्सीला तो मिळालाच नसता.

क्रॉइफ कुठंय?
— कर्णिक नगर

एका ओळीचं पत्र, पण बरोबर जागी लागलं. नेदरलँड्सचा योहान क्रॉइफ १४ घालायचा. माझी टीम १ ते ११ ची म्हणून तो बाहेर राहिला, एवढंच. १९७० ला दुखापतीतून त्याच्या अजाक्स क्लबमधे परत आला तेव्हा त्याचा ९ नंबर खेरी म्युरेननं घेतला होता, त्यानं १४ उचलला, टीम जिंकली, मग तोच धरून बसला. १९७४ ला नेदरलँड्सनं अक्षरानुसार नंबर दिले, गोलकीपर ८ नंबरला, पण क्रॉइफ १४ च. आणि खरं तर त्याला जागेचा नंबर चाललाच नसता कारण तो एका जागी थांबायचाच नाही.

आपल्या भारताचं एक नाव नाही तुमच्या टीममधे. लाज वाटली पाहिजे.
— सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, रेल्वे लाइन्स

तुमचा राग मला समजतो आणि म्हणून हे उत्तर नीट देतो. सुनील छेत्री, ११ नंबर. २००५ ला पाकिस्तानविरुद्ध क्वेट्ट्यात पहिली मॅच, पहिला गोल, आणि ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध निरोप घेतला तेव्हा ९४ इंटरनॅशनल गोल. २०२५ ला टीमला गरज पडली तर परत आला. माझ्या टीममधे ११ खेंतोला दिलाय, सहा युरोपियन कप, तो विक्रम २०२४ पर्यंत त्याचा एकट्याचा होता. पण भारताची टीम काढायची तर ११ दुसरा कुणी नाही.

आणि तुम्ही रेल्वेतले, हैदराबादच्या गाड्या तुमच्यासमोरून गेलेल्या, म्हणून हैदराबादच्या रहीम साहेबांची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. १९६२, जकार्ता, एशियन गेम्स. आपला स्टॉपर जर्नैल सिंग, डोक्याला मार, टाके पडलेले, मागं खेळून हेडर मारणं अवघड. कोच रहीमनी त्याला सरळ पुढं सेंटर फॉरवर्डला लावला. सेमीफायनलला गोल, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध परत गोल, आणखी एक पी.के. बॅनर्जीचा, २-१, गोल्ड मेडल. कोच स्वतः तेव्हा कॅन्सरनं आजारी होते, पुढच्या वर्षी गेले. मी दोन पानं नंबर आणि जागा म्हणून भांडतोय आणि इथं एक माणूस फुटलेलं डोकं घेऊन दुसऱ्याच्या जागी जाऊन गोल्ड आणतोय. ही पोरांना सांगायची गोष्ट आहे, पार्क मैदानावर मी सांगतो पण.

काका, मी नववीत आहे. आमच्या शाळेत मुलींची टीम सुरू झाली आहे. मला १० पाहिजे होता पण तो कॅप्टनने घेतला. मी कुठला घेऊ? आणि तुमच्या टीममधे एकपण मुलगी नाही.
— दमाणी नगर

ही चूक खरी आहे बेटा, आणि ती मी कबूल करतो. ब्राझीलची मार्ता, १० नंबर. वर्ल्डकपमधे १७ गोल, पुरुषांचा विक्रम जर्मनीच्या क्लोझचा, १६. पाच वेगवेगळ्या वर्ल्डकपमधे गोल, सहा वेळा जगातली बेस्ट प्लेअर. अमेरिकेची मिया हॅम ९, कॅनडाची क्रिस्टिन सिंक्लेअर १२, तिचे १९० इंटरनॅशनल गोल आहेत, बाई असो का पुरुष, एवढे कुणाचे नाहीत. बघ, १२ म्हणजे मूळ अकराच्या बाहेरचा नंबर, त्यात तिनं हे केलं.

कॅप्टनशी १० वरून भांडू नकोस. पण तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस, तू खेळतेस कुठं? मागं, मधे का पुढं, उजव्या पायानं का डाव्या? ते पत्रानं कळव, आणि मैदान कसं आहे, गोलपोस्टला जाळी आहे का तेपण लिही. जर लेफ्ट बॅक असशील तर ३ घे आणि सात रस्त्यावरच्या त्या दुकानात जा, त्यांचा ३ चा कप्पा भरलेला आहे, माझं नाव सांग.